वरची रांग

२ मार्च

गेल्या एकदाच्या! परवा झेंडा बदलला, आज आमच्या सुपरवायझर मडमबाई बोटीवर चढल्या. जाताना टेलिफोन एक्स्चेंजच्या दारात उभं राहून मला म्हणाल्या, "बोर्ड नीट पुसत जा." बस्स, इतकंच. त्यांच्या राज्याचे सगळे फोन मी जोडून दिले, आणि निरोप काय, तर फडकं!

तोंडावर हसले. मग मोरीत जाऊन रडले. आनंदाने रडले, असं लिहायला हवं.

३ मार्च

नवा हुकूम भिंतीवर लागला — बोर्डावर ज्याचा दिवा आधी लागेल, त्याचा फोन आधी. दोनदा वाचला, विश्वास बसेना. आजवर बोर्डाची वरची रांग म्हणजे बंगले, क्लब, बँक, पोलीस. खालची रांग म्हणजे उरलेलं सगळं गाव. वर दिवा लागला की खालच्याने थांबायचं, मग तिकडे एखादी बाळंतीण अडलेली का असेना. मी नवी होते तेव्हा एकदा आधी खालचा फोन घेतला, तर मडमबाईंनी बोटांवर रूळ हाणला होता. पुन्हा म्हणून ती चूक झाली नाही.

भाऊजी आगीच्या बंबावरून घरी आले तेव्हा त्यांना सांगितलं. ड्रायव्हर माणूस, अंगाला कायम धुराचा वास. छाती फुगवून म्हणाले, "वहिनी, आता आपणच साहेब!" सासूबाई म्हणाल्या, "मग साहेब, आधी पाणी भरा." पोट दुखेपर्यंत हसलो तिघं. आमचे हे वारल्यापासून घरात असं हसणं झालं नव्हतं.

११ मार्च

वरच्या बंगल्यांत आता आपली माणसं. फोन उचलला की तसंच ओरडतात — "नंबर!" आणि मी तशीच म्हणते, "येस सर." कुणी सांगितलं नाही म्हणायला. सवय, दुसरं काय!

१९ मार्च

लिहू की नको.

भर दुपारी खालच्या रांगेत लाकडाच्या वखारीचा दिवा लागला. मी हात पुढे केला. तेवढ्यात वर, नव्या प्रशासकांच्या बंगल्याचा लागला. हात वर गेला. आपोआप गेला — नाही, मीच नेला. हात काय शेजारणीचा होता?

बाईसाहेबांना शिंपी हवा होता. शिंपी सापडेना, मग त्याच्या भावाचं दुकान जोडून दिलं. पडद्याचं कापड कमी कसं पडलं यावरून त्यांचं वाजलं. मध्येच मला म्हणाल्या, "तू लाईनवरच थांब गं." मी थांबले. वखारीचा दिवा डोळ्यांसमोर जळत होता. दिसत होता मला!

शेवटी खाली प्लग लावला, तर कुणी बोलेना. नुसती तडतड. खिडकीतून धूर दिसला, तेव्हा कुठे बंबाला फोन केला.

वखारीचा म्हातारा पहारेकरी गेला. फोन त्यानेच केला असणार, आत दुसरं कुणी नव्हतंच.

२० मार्च

बंब उशिरा आला म्हणून गावभर बोंब. चौकशी बसली, ती भाऊजींवर. सासूबाईंनी पोटच्या पोराला विचारलं, "ढाराढूर झोपला होतास का रे?" ते म्हणाले, "आई, घंटा वाजली तसा निघालो गं." मी भांडी घासत होते. मागे वळून बघितलं नाही.

त्यांचा हात पोळलाय. पट्टी मी बांधली. म्हणाले, "तुम्ही कशाला रडता, वहिनी? लागलंय मला."

२२ मार्च

आज सांगणार होते. नाही सांगितलं.

२३ मार्च

आजही नाही. माझी नोकरी गेली तर घर कसं चालायचं, असं स्वतःला समजावते. पण भाऊजींची गेली तर माझ्यावर चालेल, हे मला पक्कं ठाऊक आहे. म्हणूनच तर तोंड उघडत नाही. शी!

इतकी वर्षं मडमबाईंच्या नावाने बोटं मोडली. आता त्या नाहीत, त्यांचा रूळ नाही, भिंतीवर आपला हुकूम आहे. आता कुणाच्या नावाने मोडू?

आरशात बघून वेणी घालायचीसुद्धा लाज वाटते.

२६ मार्च

जाऊन आले! चौकशीच्या खोलीत उभी राहिले आणि बोलले. अध्यक्ष दुसरे कोण, तर तेच प्रशासक. सगळं सांगितलं. खालचा दिवा आधी लागला होता, मी वरचा घेतला, बंबाला उशिरा कळवलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. मग म्हणाले, "तो फोन आमच्या घरचा ना?"

"होय."

"मग तुमचं काय चुकलं?"

टोमणा नव्हता तो. त्यांना खरंच कळत नव्हतं! पेन उचललंसुद्धा नाही. उलट म्हणाले, तुमच्यासारखी जुनी, शिस्तीची माणसं देशाला हवीत.

मी माझ्याकडून सांगून मोकळी झाले. त्यांनी लिहून घेतलं नाही, त्याला मी काय करणार? आज बऱ्याच दिवसांनी जेवण गेलं.

३१ मार्च

भाऊजींना काढलं. कामावर झोपल्याचा ठपका. मला सुपरवायझर केलं, मडमबाईंच्या खुर्चीवर. सासूबाई माझ्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, "निदान तू तरी आहेस."

१ एप्रिल

सकाळी भाऊजी म्हणाले, "तुम्ही चौकशीला आलात त्या दिवशी मी बाहेरच्या बाकावर होतो. दार उघडंच होतं." मला वाटलं, बरं झालं. मी बोलले ते यांनी तरी ऐकलं.

मग म्हणाले, "शेवटी त्यांनी विचारलं, 'पण तुमच्या दिरालाही डुलकी लागली असेल, नाही का?' तेव्हा तुम्ही काय म्हणालात, वहिनी?"

ते मी इथेसुद्धा लिहिलं नव्हतं. मी म्हणाले होते, "असेल, साहेब."