उकळलेल्या सुया आणि चाळीस चिलटं

बेळगाव,
शुक्रवार, १७ फेब्रुवारी १९८४

तीर्थरूप मारुतीरावमामांच्या चरणी भाचा कृष्णात याचा नमस्कार. तुमचा गुडघा बरा असेल, जयामामींचा खोकला थांबला असेल आणि डॉक्टर नसताना तुम्हीच डॉक्टर, ही खानापूरच्या दवाखान्याची जुनी व्यवस्था नीट चालली असेल, असं धरून चालतो. इकडे मी जिवंत आहे. माझी चिलटंही जिवंत आहेत, आणि हे पत्र त्यासाठीच आहे.

बुधवारी तुम्ही मामींनी दिलेले पोहे घेऊन थेट कॉलेजात आलात, आनंद झाला. मला तास होता म्हणून तुम्हाला प्रयोगशाळेत आमचा शिपाई रवळू याच्या ताब्यात देऊन गेलो (खरं तर रवळूलाच तुमच्या ताब्यात दिलं, हे नंतर कळलं). टेबलावर केळ्याच्या लगद्याच्या बाटल्यांत चिलटं होती, शेजारी बारीक सुया आणि एका नळीत गढूळ पाणी. ते पाणी नव्हतं, मामा. ते रोगजंतू होते. पोटच्या पोरासारखे वाढवले होते मी. सुई त्यात बुडवून टोचली की चिलट दुसऱ्या दिवशी मरतं, एवढंच मला आज तपासणी समितीला दाखवायचं होतं. ते जमलं असतं तर पुढचं काम (चिलटाचं अंग रोगाशी झुंजतं कसं, हे शोधायचं) मिळालं असतं आणि तीन वर्षांची माझी हंगामी नोकरी कायम झाली असती.

पण तीस वर्षं कंपाउंडरकी केलेल्या माणसाला न उकळलेली सुई दिसल्यावर त्याचा हात थांबणार कसा? समिती गेल्यावर रवळूने कौतुकाने सांगितलं, "मामा म्हनाले, उकळल्याबिगर सुई टोचायची न्हाय, मग मानूस असूदे न्हायतर चिलट. लई मायाळू मानूस बगा." सुया उकळून तुमचं समाधान झालं नाही. नळीतलं पाणीही नासलेलं दिसतंय म्हणून नळी त्याच उकळत्या भांड्यात उभी केलीत आणि वर सगळं पुसून जागच्या जागी ठेवलंत. गढूळ पाणी उकळल्यावरही गढूळच दिसतं, त्यामुळे मला पत्ता लागला नाही. काल मी चाळीस चिलटांना एकेक करून मेलेले जंतू टोचले आणि दिवसभर त्यांच्याबद्दल वाईट वाटून घेतलं.

आज चाळीसच्या चाळीस केळ्यावर फिरत होती. समितीतल्या साहेबांनी "यातली मेलेली कोणती?" असं आधी कन्नडात विचारलं, मला समजलं नसेल म्हणून मराठीत, मग इंग्रजीत. तिन्ही वेळा मी बाटल्या उलटसुलट करून बघितल्या. आमचे विभागप्रमुख खिडकीबाहेर बघत राहिले. खूप लाज वाटली, मामा. तुमच्या हातगुणाची ख्याती लहानपणापासून ऐकत आलोय, ती या दिवशी बघायला मिळेल असं वाटलं नव्हतं.

तरी कृपा करून यापुढे कॉलेजच्या फाटकाच्या आत पाऊल टाकू नये. पोहे खोलीवर द्यावेत.

चिलटांसारखाच तुमच्या कृपेने तगलेला,
कृष्णात

ता. क. (रविवार) : पत्र पेटीत टाकायचं राहिलं. शुक्रवारी ते लिहूनही राग उरलाच होता, म्हणून त्याच चाळीस चिलटांना ताजे, जिवंत जंतू टोचले. सोबत आधी काहीच न टोचलेल्या चाळीस कोऱ्या चिलटांनाही. काल बघतो तर कोरी सगळी मेलेली, आणि तुमची छत्तीस ठणठणीत. तुमच्या मेलेल्या जंतूंनी त्यांचं अंग आधीच सावध केलं होतं. चिलटाला कंपाउंडर नसतो, त्यामुळे जंतू मारायचं औषध ते स्वतःच्या अंगात करतं, आणि एकदा चूल पेटली की काही काळ विझू देत नाही. (आपल्याला साधी सर्दी झाली तरी तुमची सुई लागते.) प्रमुख आता मला 'आमचा कृष्णात' म्हणतात. समिती येत्या शुक्रवारी पुन्हा येतेय.

ता. ता. क. : जंतू किती मिनिटं उकळले, ते प्रमुखांना लेखी हवं आहे. रवळू म्हणतो, "मामांची येक बिडी सरंस्तोवर." आम्ही घड्याळ लावून बिडी ओढून बघितली. त्याची चार मिनिटांत संपली. मला ठसका लागला आणि माझी अजून संपायची आहे. तरी मंगळवारी या. निपाणीची तुमची तीच बिडी घेऊन या आणि फाटकावर थांबू नका, सरळ आत या.