वर्गाच्या दारात बूट

अ‍ॅशबर्न, व्हर्जिनिया
रविवार, २७ एप्रिल २०२५

ती. आई,

वाकून नमस्कार करते असं लिहिते खरी, पण आठवडाभर कंबर अशी धरलीय की तुम्ही समोर असतात तर अर्ध्यातच आशीर्वाद देऊन मोकळ्या झाला असतात. आम्ही सगळे बरे आहोत. तुमचा गुडघा कसा आहे? नागपुरात एव्हाना ऊन मी म्हणत असेल, दुपारचं बाहेर पडू नका. कूलरची मोटर बदलून घेतलीत का? इथे अजून सकाळी जॅकेट लागतं.

पत्र बघून घाबरू नका. माझ्या मैत्रिणीचे, विनीताचे बाबा नागपूरला परत निघालेत, त्यांच्याबरोबर देतेय. फोनवर राजीव शेजारी असतो, केया मध्येच स्क्रीन बंद करते, आणि तुम्ही ‘सगळं ठीक ना?’ विचारलंत की माझ्या तोंडून ‘हो आई’ एवढंच निघतं. आत्ता राजीव तिला पोहायला घेऊन गेलाय. घरात चक्क शांतता आहे.

केयाच्या शाळेचं तुमच्या कानावर आलंच असेल, तुमच्या लेकाच्या पोटात काही राहत नाही. तुम्ही जानेवारीत परत गेलात आणि नंतर पोरगी वर्गाच्या दारात बूट काढायला लागली. काढायचे, भिंतीला लावून सरळ ठेवायचे, मग आत. तिच्या मदतीला एक बाई नेमल्यात, मिस डॅना. त्या बूट परत घालायच्या, ही परत काढायची. आग लागली तर अनवाणी पोरं बाहेर कशी काढायची, हा त्यांचा मुद्दा, आणि तो काही खोटा नाही. मार्चमध्ये एकदा दोघींची इतकी ओढाताण झाली की केया त्यांच्या हाताला चावली. मग मीटिंग. टेबलाच्या त्या बाजूला सगळी शाळा, या बाजूला आम्ही दोघं. ती बूट का काढते, असं त्यांनी मलाच विचारलं, आणि मला काही सांगता येईना. आई ना मी तिची! मग त्यांनी दुसऱ्या शाळेतला, फक्त तिच्यासारख्या मुलांसाठीचा वेगळा वर्ग सुचवला. गाडीचं दार लावल्याबरोबर राजीव म्हणाला, “बस झालं यार. काढून घेऊ तिला. होमस्कूल करू.”

करू म्हणजे कोण करणार, हे त्याने सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

विनीता तर टाळ्याच पिटायला लागली. तिची दोन्ही मुलं घरी शिकतात. “आईइतकं तिला कोण ओळखणार, नेत्रा? तूच तिची बेस्ट टीचर.” अगं बाई, तुझी पोरं एकदा सांगितलं की वही घेऊन बसतात! तुम्हीही जायच्या आधी तेच म्हणाला होतात, नोकरी काय, परत मिळेल. तेव्हा मी दोन दिवस भांडी जरा जोरात आपटली, ते तुमच्या लक्षात आलं असेलच.

शेवटी म्हटलं, स्प्रिंग ब्रेकची सुट्टी आहे, करूनच बघू. पहिल्या दिवशी डायनिंग टेबलाशी बसलो. माझी टाच दुखते म्हणून मी हल्ली घरात सपाता घालते. मी पुस्तक उघडलं मात्र, ही खुर्चीवरून उतरली, टेबलाखाली शिरली आणि माझ्या पायातल्या सपाता ओढायला लागली. मी “केया, स्टॉप” म्हणतेय, ऐकतंय कोण! काढल्या, दाराशी नेऊन सरळ ठेवल्या, परत आली. पुस्तकाला हात लावून कपाळाला लावला आणि म्हणाली, “नो शू. बुक. आजी.”

आई, तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला.

तुम्ही शिकवलंत ना तिला, पुस्तकाजवळ पायातलं नको, चुकून पाय लागला तर नमस्कार? मला वाटायचं, आजी-नातीचं काहीतरी चाललंय, तिला कुठे कळतंय. तिला पुरतं कळलं होतं. घरातला नियम घरापुरता, बाहेर तो चालत नाही, हे आपल्याला कुणी न सांगता समजतं. तिला ते कुणी सांगितलंच नाही. आणि तिच्या वर्गात बघाल तिकडे पुस्तकं! पहिल्यांदा मला तुमचा भयंकर राग आला, खोटं कशाला बोलू. मग हसू आलं. मग तिला जवळ घ्यायला गेले तर तिने ढकलून दिलं, कारण अभ्यास व्हायचा होता.

मी शाळेला कळवलं. सुट्टी संपल्यावर त्यांनी पुस्तकांच्या कोपऱ्यात चटई टाकली. चटईवर अनवाणी, बाकी वर्गात बूट. मिस डॅनाही तिथे बूट काढून बसतात म्हणे. सबंध आठवड्यात शाळेचा एक फोन नाही. वेगळ्या वर्गाचं बोलणंही तूर्त थांबलंय.

तुम्ही म्हणाल, मग मिटलं की! मिटलं कसलं. राजीव म्हणतो, आज बूट, उद्या आणखी काहीतरी. शिवाय सुट्टीत तुला किती छान जमलं. उद्या आणखी काहीतरी निघणारच, तो चुकीचं बोलत नाही. पण छान जमलं हे त्याला मीच सांगितलं होतं. गुरुवारचं नाही सांगितलं.

गुरुवारी ती सकाळपासून शाळेच्या पिवळ्या बससाठी ‘येलो बस, येलो बस’ करत होती. मी दर वेळी सांगत होते, आज नाही गं राणी. जेवणापर्यंत माझं डोकं इतकं भणाणलं की मी लाँड्रीच्या खोलीत गेले, आतून लॉक केलं आणि तिचा आवाज ऐकू येऊ नये म्हणून ड्रायर चालू केला. रिकामा. आत एक कपडा नव्हता. रडलेबिडले नाही, नुसती बसून राहिले. राजीव वर मीटिंगमध्ये होता. दार उघडलं तर ही बाहेर फरशीवर, गुडघे पोटाशी घेऊन. मला म्हणाली, “मम्मा ऑल डन?” शाळेत तिचं रडणं थांबलं की तिला असं विचारतात.

मला ती नको आहे असं नाही हो. मला ती चोवीस तास नको आहे. हे वाक्य एकदा खोडलं होतं, परत लिहिलं, आता राहू दे. चटईचं कळलं तेव्हा पोरीसाठी आनंद व्हायच्या आधी मनात आलं, सुटले बाई. हे विनीताला सांगता येत नाही, राजीवला तर नाहीच नाही. कामाच्या परवानगीची वाट बघत या घरात मी कशी वर्षं काढली, ते तुम्हाला माहीत आहे. आता सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते. शोधायच्या मी, दुरुस्त दुसऱ्याने करायच्या. इतकं सुख घरात कुठलं?

तुम्ही शाळेत दुसऱ्यांची मुलं शिकवत होतात तेव्हा राजीव शेजारच्या काकूंकडे असायचा. सकाळी त्याला तिथे सोडून शाळेच्या वाटेला लागताना तुम्हाला कधी हायसं वाटलं होतं का? नसेल तर नाही म्हणा. पण तेवढं एक मला खरं सांगा.

येत्या रविवारी तो तुम्हाला फोन करील आणि म्हणेल, आई, तू नेत्राला समजाव. मला समजावू नका. त्याला समजावा. शाळा बदलावी लागली तर बदलेन, त्यांच्याशी भांडावं लागलं तर भांडेन, पण केया शाळेत जाणार. ठरवलंय मी, आणि हे तुमच्या आधी कुणाला सांगितलेलं नाही. थंडीत परत या. तिला काय हवं ते शिकवा, फक्त मला आधी सांगून ठेवा.

चारला तिची बस येते. मी काम बंद करून दारात उभी असते. ती बूट काढते, सरळ लावते आणि कपाळ माझ्या दंडाला टेकवून उभी राहते. तेव्हा मला ती अगदी मनापासून हवी असते, आई. दिवसभर नसते म्हणूनच.

गॅरेजचं दार वाजलं. आले वाटतं दोघं. गुडघ्याला जपा.

तुमची सून,
आणि केयाची चारनंतरची आई,
नेत्रा