न फुललेली गोळी

१० ऑक्टोबर, गुरुवार

बाबांची कुरकुर संपता संपत नाही! "टुइरे, ही तांब्याची गोळी म्हणजे शोभेची वस्तू. शिशाची गोळी म्हणजे गोळी." चाळीस वर्षं शिसं वापरलं, आता लेकीच्या सांगण्यावरून बदलावं लागतंय, हे खरं दुखणं. पण धाकट्या बहिणीला दिवस गेलेत आणि शिशाच्या गोळीनं मारलेलं मांस तिला नको, असं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट सांगितलंय. शिवाय माझ्या बंदुकीच्या दुकानात सगळ्या गावाला तांबं विकते मी, आणि माझ्याच बापानं शिसं झाडायचं?

संध्याकाळी स्वयंपाकघरात काडतुसं भरली. नेहमीचीच मांडणी. बाबा बंदुकीची दारू ओतणार, आई चष्मा लावून वजनकाट्यावरचा आकडा वाचणार. बाबांना तळ्यापलीकडचं बदक नर की मादी ते सांगता येतं, पण हातातलं वर्तमानपत्र दिसत नाही. चष्मा करून घ्यायला मात्र नको! आई प्रत्येक वेळी म्हणते, "तीन-आठ." म्हणजे ३.८ ग्रॅम. तिचं विणकाम मांडीवर. "तीन-आठ. तीन-आठ." मला ऐकून ऐकून झोप यायला लागली.

१२ ऑक्टोबर, शनिवार

हंगामाचा पहिला दिवस. बाबा त्यांच्या दगडावर. कोरड्या ओढ्याजवळचा तो दगड म्हणजे आमच्या शिकारीच्या टोळीतली सगळ्यात मानाची जागा, मूस हरणं हमखास तिथूनच निघतात. आजही निघाला, मोठा नर. बाबांनी एकच गोळी झाडली. नर थांबला नाही की लंगडला नाही, सरळ दलदलीत शिरला.

हाल्लानं माग काढला. कुत्री तरुण आहे पण नाक पक्कं. नर पार दलदलीपलीकडे सापडला, उभा होता, धापा टाकत. शेवटची गोळी राउनोनं घातली. राउनो म्हणजे टोळीचा म्होरक्या आणि बाबांच्या शाळेच्या बाकावरचा मित्र.

बाबा म्हणाले, "बरोबर लागली होती. लागल्याचा आवाज मी ऐकला." सगळे दोर आणायला वळले. आमच्याकडे पाठ फिरवणं म्हणजेच उत्तर.

१३ ऑक्टोबर, रविवार

कातडं काढताना मी मुद्दाम बघितलं. आत जायचं भोक करंगळीएवढं. बाहेर पडायचंही करंगळीएवढंच! फुप्फुसातून विणायची सुई आरपार जावी तसं. फुललेली गोळी असं करत नाही. तिची पाकळ्यांसारखी चार पानं उघडतात, ती आत सगळं फाडून ठेवते आणि जनावर चार पावलांत बसतं.

राउनोला दाखवलं. तो म्हणाला, "बरगडी नसेल लागली, म्हणून फुलली नाही." असेल.

१७ ऑक्टोबर

पाऊस नाही, बर्फ नाही, नुसता चिखल. दुकानात गर्दी.

१९ ऑक्टोबर, शनिवार

परत तेच. देवा रे!

या वेळी मादी. बाबांची एक गोळी, मादी गेली ती गेलीच. अंधार पडेपर्यंत शोधलं. हाल्लाचे पाय रक्ताळले. राउनोनं कुत्रीला उचलून आणलं आणि बाबांच्या समोरच मला म्हणाला, "पुढच्या शनिवारी बैठक घेऊ. दगडावर कोण बसणार ते ठरवायला हवं." बाबा बुटांच्या नाड्या सोडत होते. सोडतच राहिले.

तो दगड गेला तर बाबांचं काय उरेल, मला माहीत नाही. वर्षभर ते त्या एका जागेबद्दलच बोलतात.

२० ऑक्टोबर, रविवार

मादी सकाळी सापडली. मेलेली, पोट फुगलेलं, मांस वाया. एवढं जनावर खड्डा खणून पुरावं लागलं.

दुपारी आधीच्या नराचे वाटे पडले. रीतीप्रमाणे आई ढिगांकडे पाठ करून उभी. राउनो एकेका ढिगावर बोट ठेवून विचारतो, "हा कुणाचा?" आणि ती न बघता नाव घेते. तिसऱ्या ढिगाला तिनं "ओइवा" म्हटलं, म्हणजे बाबा. बाबांनी तो ढीग उचलून शेजारच्या म्हातारीच्या पाटीत टाकला. आईला पाठ असल्यामुळे दिसलं नाही. बाकी सगळ्यांना दिसलं. मला रडू आलं, म्हणून मी भांडी घासायला गेले.

२२ ऑक्टोबर, मंगळवार

आता कळलं!

बाबांच्या पेटीतली उरलेली काडतुसं घेऊन मी नेमबाजीच्या मैदानावर गेले. दुकानातलं वेग मोजायचं यंत्र मांडलं. पहिला आकडा बघून वाटलं यंत्रच बिघडलं. दुसरं झाडलं, तिसरं झाडलं. तेच. पुरेशा दारूची गोळी जेवढी धावायला हवी, त्याच्या पाऊणपट जेमतेम. या गोळीच्या पत्रकात स्वच्छ छापलंय की जनावराला लागताना सेकंदाला सहाशे मीटर वेग नसेल तर ती फुलणार नाही. बाबांच्या गोळीला तर नळीतून निघतानाच तेवढा वेग नव्हता. शिसं मऊ, ते सावकाश लागलं तरी पसरतं. तांबं नाही पसरत. म्हणून इतकी वर्षं निभावलं आणि नेमकं या वर्षी फसलं.

म्हणजे नेम बरोबर होता. दोन्ही वेळा! मला आनंद झाला आणि दुसऱ्याच क्षणी राग आला. दारू कमी का?

बाबा अंगणात सौनाच्या वाफेच्या न्हाणीसाठी लाकडं फोडत होते. मी सरळ विचारलं. "खांद्याच्या ऑपरेशनपासून धक्का सोसत नाही ना तुम्हाला? म्हणून हलकी भरता?"

त्यांनी कुऱ्हाड ओंडक्यात रोवली. स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघितलं. आत आई कपबशा विसळत होती.

"हो," म्हणाले.

"पण काटा तर आई वाचते!"

"ती उठून गेली की काढतो चिमूट चिमूट." मग म्हणाले, "आईला यातलं काही सांगू नकोस. एवढं कर."

मी खूप बोलले. "दोन जनावरं तडफडली तुमच्या मिजाशीपायी! सांगितलं असतंत तर मऊ तांब्याची गोळी दिली असती, तेवढ्या वेगालाही फुलते ती. दुकान काय गंमत म्हणून चालवते मी?" ते फोडलेली लाकडं रचत राहिले. शेवटी म्हणाले, "झालं तुझं? मग ही लाकडं आत ने."

२३ ऑक्टोबर

बाबांशी बोलत नाहीये.

२४ ऑक्टोबर

अजून नाही. आई म्हणते, "दोघांच्या तोंडाला कुलूप कशानं लागलं?" मी म्हटलं, कामाचा ताप.

२६ ऑक्टोबर, शनिवार

शिकारीच्या शेडमध्ये बैठक. आई धाकटीकडे गेली होती, बरंच झालं. मी ठरवलं होतं की उठून एवढंच सांगायचं, नेम बरोबर होता. पण त्याआधी बाबाच उठले. टोपी हातात.

"काडतुसात दारू कमी होती. माझी चूक. गोळी फुलली नाही."

राउनोनं कितीतरी वेळ कॉफीत चमचा फिरवला. तो साखर घेतच नाही. "ओइवा, तुझे डोळे गेले असते ना, तर मीच तुला हात धरून दगडावर बसवला असता. पण हलकं काडतूस घेऊन रानात यायचं? तू? आम्हाला शिकवलं कुणी रे, गाढवा?"

"मीच."

हात वर झाले. दोन हंगाम बंदूक बंद. दगड राउनोच्या जावयाला. बाबा चौऱ्याहत्तर वर्षांचे आहेत. दोन हंगाम म्हणजे काय ते प्रत्येकाला कळत होतं.

घरी येताना गाडीत मी म्हटलं, "निदान खरं बोललात." ते खिडकीबाहेर बघत होते. आई परतली होती. तिला त्यांनी दारातच सांगितलं, "कंटाळा आला बाई दगडाचा. सोडला." आई म्हणाली, "बरं केलंत. खांद्याला आराम पडेल." आणि खुशीत बटाटे सोलायला बसली.

२७ ऑक्टोबर, रविवार

बाबांच्या बंदुकीसाठी मऊ गोळ्या भरायला बसले. पुढेमागे लागतील. दारूचा डबा उघडल्याबरोबर आई सवयीनं चष्मा लावून काट्याशी येऊन बसली, मांडीवर विणकाम. मी ओतली.

"तीन-आठ," आई म्हणाली.

माझे डोळे चांगले आहेत. काट्यावरचा आकडा ३.१ होता.

मी वर बघितलं. आईच्या मागे दारात बाबा उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी मान हलवली, नको म्हणून.

मी म्हटलं, "बरोबर, आई. तीन-आठ."