रश्श्यातल्या शेवया आणि ७३९३९१३३

प्रिय पिरोश्का,

ओदोनचा नमस्कार. तुझे गुडघे बरे असतील आणि राग निम्म्यावर आला असेल, असं धरून चालतो. माझी तब्येत उत्तम आहे (डॉक्टरांचं मत वेगळं आहे, ते त्यांना लखलाभ).

पत्रास कारण केक. शनिवारी आपल्या वर्गाचं वार्षिक जेवण, म्हणून नेहमीप्रमाणे आकड्यांच्या मेणबत्त्या आणायला गेलो. ७३९३९१३३. लावायच्या आठही, पेटवायच्या फक्त हजर असलेल्यांच्या. दुकानातली पोरगी म्हणाली, "आजोबा, तीनचा एकच उरलाय. बाकी ठिकाणी पाच लावू का?" अगं, शेवटी पाच! मग कुणीही यावं आणि पाचाने भागून जावं. तिला तिथेच गेलेंचेर सरांचा तास ऐकवला. ही मूळ संख्या, एक आणि ती स्वतः सोडून हिला कुणाचाच भाग जात नाही. शेवटचा आकडा काढला तरी उरते ती मूळच, पुन्हा काढला तरी मूळच, असं थेट सातापर्यंत. मागच्या बाई म्हणाल्या, "आजोबा, माझं आइस्क्रीम वितळतंय हो."

सरांनी आपल्या आठजणांना ओळीने बसवून एकेक आकडा दिला होता. मी सात, शेजारी तू तीन. "तुमच्यातलं कुणी गळालं, तरी उरलेल्यांना कुणी फोडू शकणार नाही," असं ते म्हणाले आणि आपण फिदीफिदी हसलो होतो. पुढे तुझा नवरा इम्रे सलामी सॉसेजची अख्खी कांडी घेऊन नववा व्हायला आला. सरांनी शून्यापासून नऊपर्यंत सगळे आकडे शेवटी जोडून पाहिले, संख्या काही मूळ राहीना. "जावईबापू, तुम्हाला गणितातच जागा नाही," म्हणाले आणि सलामी ठेवून घेतली. बिचारा जन्मभर शेजारच्या टेबलावर जेवला. मग शेवटचा ग्युला कॅनडाला गेला. बेला तर मधूनच वारला, तेव्हा त्याच्या पलीकडचे सगळे एकेक खुर्ची अलीकडे सरकले. फक्त मांत्सी अडून बसली : "पन्नास वर्षं एक होते, आता म्हातारपणी नऊ होऊ?" आता तीही नाही. फार आठवण येते गं सगळ्यांची.

मागच्या वर्षी आपण दोघंच उरलो. त्र्याहत्तर. आणि मी पडलो बॉया गावचा, म्हणून खानावळीत परस्पर सांगून मासळीच्या रश्श्यात शेवया घालायला लावल्या. तेही सेगेदच्या बाईसमोर, जिथे रश्श्यात शेवया म्हणजे पाप! तू चमचा ठेवून उठलीस, ती उठलीसच. ज्या संख्येला साऱ्या जगाचा भाग गेला नाही, तिचे मी मूठभर शेवयांनी दोन तुकडे केले.

तुझा,
ओदोन

ता.क. या खेपेला रश्श्यात शेवया नाहीत. आचाऱ्याला शपथ घालून आलोय. (माझ्या वेगळ्या वाटीत, झाकून. तुला दिसणारही नाहीत.)

आणखी एक ता.क. एकटा सातही मूळच असतो, मला ठाऊक आहे. एकटा तीनही मूळच, हे तू सुनावशील, म्हणून फोन केला नाही. सरांचं गणित बरोबर होतं. पण सर जन्मभर एकटेच जेवले, त्यांना सवय होती. मला नाही गं. तो एकच तीन मिळाला, तो तुझ्या जागी लावायला सांगितलाय. शनिवारी पेटवायला ये.