मान सरळ, रेघा दोन

४ जून, सकाळ
आजपासून मान सरळ. काल नणंदेकडे वाढदिवसाचा व्हिडिओ पाहिला. त्यात मी केक खातेय. वन्सं म्हणाल्या, वहिनी, मान कलंडली गं तुझी, म्हातारी झालीस. मी म्हटलं, वन्सं, माझी नुसती मान, तुमचं तर सगळंच घरंगळलंय. सगळे हसले. त्या सोडून.
घरी आरशात पाहिलं. उजव्या खांद्याकडे कललीय खरी. शिवणकामाची सवय, दुसरं काय! मी आजवर कुणाचं ऐकलं नाही, मानेचं ऐकू?

४ जून, दुपार
मेडिकलमधून मानेचा पट्टा आणला. दुकानदाराने विचारलं, डॉक्टरांनी सांगितलाय का? म्हटलं, नाही, नणंदेने.

५ जून
पट्टा लावून मशीनवर बसले. ताठ, राणीसारखी. फक्त खडूची एक रेघ मारली की दोन दिसतात, एकीच्या वर एक. हल्ली खडूच भिकार येतो.

६ जून
खडू बदलला. तरी दोन. ट्यूब बदलली. आता दोन्ही रेघा झकास दिसतात.
जिन्याच्या पायऱ्याही वाढल्यात. एकीवर पाय ठेवला, ती नव्हतीच. पडले नाही. बसले. जरा घाईत बसले.

९ जून
पोस्टमन पँट न्यायला आला. उजवा पाय मी मानेला पट्टा लावण्याआधी कापलेला, डावा नंतर. दोन रेघांतली वरची जास्त ठळक वाटली, तिच्यावरून कात्री मारली होती. घालून बाहेर आला तर एक पाय बुटावर, एक नडगीवर. मी म्हटलं, मुद्दाम केलंय, सायकलच्या चेनमध्ये अडकायला नको. तो म्हणाला, बाई, चेन उजवीकडे असते. मी म्हटलं, मग सायकल बदला.
गेला तसाच. अर्धी गल्ली हसली. उरलेली घरात नव्हती.

१० जून
बातमी चिरंजीवांपर्यंत गेली. सूनबाईला घेऊन हजर. म्हणाला, आई, बास झालं आता, दुकान बंद कर, आमच्याकडे चल, तुझी खोली तयार आहे. सूनबाई म्हणाली, फुलाफुलांचे पडदेपण लावलेत. विचारलं, कुणी शिवले? म्हणे रेडीमेड.
माझ्यासाठी! रेडीमेड!
शेवटी ठरलं: डोळ्यांच्या डॉक्टरकडे जायचं. डोळे कामातून गेले म्हणाले तर दुकानाची किल्ली त्याच्या हातात. नाही म्हणाले तर पुन्हा विषय काढायचा नाही. मी हसतच हो म्हटलं. भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता मला मागच्या वेळेपासून पाठ आहे.

१४ जून
डॉक्टरीण अगदीच पोर. तक्ता घडाघडा म्हणून दाखवला. ती म्हणाली, छान, नजर उत्तम आहे. मी किल्ली चाचपली.
मग तिने पेन काढलं. म्हणाली, आजी, डोकं हलवायचं नाही, नुसत्या डोळ्यांनी पेनाच्या मागे या. वर ठीक. खाली उजवीकडे नेलं तर पेनं दोन. मी ठणकावून सांगितलं, एकच आहे. ती म्हणाली, मग बोट लावून दाखवा. मी लावलं. तिच्या खिशाला लागलं.
मग एकदा हा डोळा झाकला, एकदा तो. म्हणाली, झाकलेला डोळा उघडला की बुबुळ खाली उडी मारतं. म्हटलं, तुम्ही दचकवता त्याला.
पट्टा काढा म्हणाली. मी नाही म्हटलं. सूनबाईने मागून टर्रकन ओढला. फितूर! मान आपोआप उजवीकडे गेली आणि पेन एक झालं. डॉक्टरणीने हाताने मान डावीकडे कलवली, तर पेनं दोन, चांगली लांब लांब.
तिने समजावलं. डाव्या डोळ्याचा एक स्नायू नाकाजवळच्या बारक्या कडीतून वळून डोळ्यावर येतो. म्हटलं, मशीनवर दोरा कडीतून येतो, तसा? हो म्हणाली. तो ढिला आहे, मान कलवून तुम्ही त्याला सांभाळता. म्हटलं, मग स्क्रू पिळा की!
हसली नाही. म्हणाली, ढिलेपणा नवा असेल तर पुढच्या तपासण्या, आणि तोवर कात्री बंद. जन्मापासूनचा असेल तर काळजी नाही, खास काचेचा चष्मा घालून खुशाल शिवा. जुने फोटो आणा, मान तेव्हाही कलती होती का बघू.
चिरंजीव लगेच म्हणाला, जुन्या फोटोत आई ताठच असणार. मलाही तेच वाटतं, हीच पंचाईत.

१५ जून
कलता फोटो एकच आठवतो, लग्नाचा. उजवीकडे हे, आणि मी त्यांच्याकडे झुकलेली. हे दुकानात येईल त्याला दाखवायचे, म्हणायचे, बघा, पहिल्याच दिवशी कलली माझ्याकडे! मी लटकी रागवायचे. तो फोटो तपासणीत धरायचा नाही. ते प्रेम आहे.

१७ जून
डबा उपसला, सगळे फोटो नेले. शाळेतला: मान उजवीकडे, जिच्याशी अबोला होता त्या मुलीकडे. पुढचा: उजवीकडे, सासूबाईंकडे! सासूबाईंकडे मी मेले तरी झुकले नसते. शिवणाचं सर्टिफिकेट घेताना: उजवीकडे, खांबाकडे.
डॉक्टरीण खूश. जन्माचं आहे, घाबरू नका, दुकान चालू ठेवा. चिरंजीवांचं तोंड बघण्यासारखं. किल्ली माझी. म्हटलं, पडद्यांना सांग, येत नाही.
जिंकले. पूर्ण जिंकले.
खांबाकडे पण तेवढीच कललेय. लग्नातल्याएवढीच.

२५ जून, संध्याकाळ
चष्मा आला. मान ताठ, रेघ एक. पोस्टमनचा डावा पाय नव्या कापडाने पुन्हा शिवला. वन्संना फोन करून सांगितलं, मान सरळ झाली, तुमचं बघा काही होतंय का.
दुकान बंद करताना लग्नाचा फोटो पुसायला मांडीवर घेतला. स्नायू तर स्नायू. डॉक्टरीण पोरगी शिकलेली आहे, खोटं कशाला बोलेल? हे डावीकडे बसले असते तर मी उजवीकडे फोटोग्राफरच्या स्टुलाकडे कलले असते.
चष्मा काढून पाहिलं. हे दोन दिसले, एकावर एक. दोघंही तसेच खुशीत.
मान कलती केली. एक झाले.
मान सरळ उद्यापासून.