मागच्या बाकावरचा उमेदवार

२ नोव्हेंबर, रविवार
आई एकदा म्हणाली होती, "पभ्या, तुला साधी वांगी पारखता येत नाहीत, बाजारात जाताना सुमीला बरोबर नेत जा." सुमती माझ्यापेक्षा तीन वर्षांनी लहान. आज आईच्या कबरीवर मेणबत्ती लावताना हे वाक्य आठवलं आणि हसू आलं. त्याच पभ्याकडे आज पाळकसाहेबांनी उमेदवारांची पारख सोपवली. आई असती तर तिला अभिमान वाटला असता.
पाळकसाहेबांचे नेमके शब्द असे: महापालिकेची निवडणूक येतेय, ख्रिस्ती माणसाने मत देताना काय पाहावं यावर एक पानभर लिहून द्या, नाव कुणाचं घेऊ नका. पण रोख स्पष्ट होता.
लगेच समिती स्थापन केली. उमेदवार पारख समिती. अध्यक्ष मी. सभासद नंतर.
संकल्प: आईच्या कबरीवर दगड बसवायचा. नाताळच्या आत. सध्या नुसता मातीचा उंचवटा आहे, शेजारी तसेच आणखी काही. सुमती मात्र दारातून शिरते ती सरळ आईपाशी जाऊन उभी राहते. मी मेणबत्त्या घेऊन मागून जातो.

९ नोव्हेंबर, रविवार
तत्त्वं ठरली. सगळी शुभवर्तमानातली. उमेदवार नम्र हवा. खरं बोलणारा हवा. आणि आपण पक्षपात करायचा नाही. नातं, गाव, ओळख, काही बघायचं नाही.
नम्रता मोजायची कशी? दुपारी झोपून उठल्यावर सुचलं. मेजवानीला गेलात तर मानाच्या जागी बसू नका, असं प्रभूने सांगितलंच आहे. म्हणजे उमेदवाराला उपासनेला बोलवायचं आणि तो कुठल्या बाकावर बसतो ते पाहायचं. किती सोपं! आजवर कुणालाच कसं सुचलं नाही?
सरोजला सांगितलं. ती म्हणाली, अहो, मग आपल्या मंडळीत सगळ्यात नम्र ते कदमकाका. शेवटच्या बाकावर बसतात आणि पहिल्या गीताला घोरतात.
बायकोशी समितीच्या कामाबद्दल बोलणं आजपासून बंद.

२३ नोव्हेंबर, रविवार
तानाजीशेठ उपासनेला आले! आमच्या वॉर्डातले मोठे बिल्डर, मोठ्या पक्षाचं तिकीट जवळपास नक्की. आमंत्रण मीच दिलं होतं. मंडळीचे पंच त्यांना पुढे नेत होते, तर शेठनी हातानेच नको म्हटलं आणि थेट शेवटच्या बाकावर, भिंतीच्या कडेला जाऊन बसले. अंगावर काटा आला.
उपदेश ऐकता आला नाही, कारण मी सारखा मागे वळून बघत होतो. शेठची मान शेवटपर्यंत खाली. दोन्ही हात मांडीवर. फक्त अंगठे हलत होते. इतकी तल्लीन प्रार्थना मी आमच्या पंचांतही पाहिलेली नाही.
निघताना माझा हात हातात घेऊन म्हणाले, प्रभाकरसाहेब, तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून डोंबिवली आहे. सगळी नोकरी विमा कंपनीत काढली, साहेब कुणी म्हटलं नव्हतं.
सुमती नेहमीप्रमाणे पहिल्या बाकावर.

७ डिसेंबर, रविवार
सुमती घरी आली आणि डोकं फिरवून गेली. तिचं म्हणणं: कबरस्थानाच्या मागे तानाजीशेठचा टॉवर उठतोय, त्याला शीळफाट्याच्या रस्त्यावरून वाट हवी आहे, ती वाट कबरस्थानाच्या दाराजवळच्या पट्टीतून काढणार. ती पट्टी कागदोपत्री कधी आपली झालीच नाही. नगरसेवक आपल्या बाजूने उभा राहिला तर वाचेल. शेठच नगरसेवक झाले तर संपलं. "दादा, आई त्या पट्टीत आहे."
मी म्हटलं, प्रार्थना कर. ती म्हणाली, करून झाली, आता अर्ज भरतेय. त्याच जागेवर, अपक्ष.
कल्याणच्या हॉस्पिटलातून स्टाफ नर्स म्हणून निवृत्त झालेली बाई. निम्म्या वॉर्डाच्या पोरांना हिने इंजेक्शनं दिली असतील, पण म्हणून काय झालं? मी समितीची तत्त्वं समजावली. माझ्या शब्दावर मंडळीची मतं फिरतात, मला पक्षपात करता येणार नाही.
म्हणाली, कर की रे दादा. एकदा तरी माझ्या बाजूने कर.
चहा अर्धाच प्यायली. जाताना कप मात्र विसळून ठेवला.
कबरीचा दगड: नाताळात गवंडी मिळत नाहीत. ईस्टरच्या आत, नक्की.

२१ डिसेंबर, रविवार
मी कुणाला घाबरत नाही. तानाजीशेठना पट्टीबद्दल तोंडावर विचारलं. ते काहीच बोलले नाहीत. नुसते हसले आणि खांद्यावर हात ठेवला. पिलातासमोर प्रभूही गप्पच होता.
संध्याकाळी त्यांच्याकडून केक आला. बिनअंड्याचा. बिचाऱ्यांना आपल्यातलं माहीत नाही, पण भावना बघायची.
सरोजने तो वॉचमनला दिला. मी एक तुकडा आधीच खाल्ला होता. चव म्हणून नाही, आदर म्हणून.

४ जानेवारी, रविवार
सुमतीला चिन्ह मिळालं, कपबशी. उपासना संपल्यावर भगिनी मंडळापुढे बोलली. म्हणाली, मागच्या वेळी बिर्याणी खाऊन मतं दिलीत आणि पाच वर्षं गटार तुंबलं म्हणून रडलात, आता निदान आपल्या मेलेल्यांसाठी तरी शुद्धीवर या. बायका हसल्या. दोघीतिघींनी डोळे पुसले.
समितीचा निष्कर्ष: सत्य, पैकीच्या पैकी. प्रीती, काठावर पास. नम्रता, शून्य. पहिला बाक.
सरोज म्हणाली, अहो, ती पेटी वाजवते, पेटी पहिल्या बाकापुढे आहे, ती काय मागून हात लांब करणार?
मुद्दा नोंदवून घेतला. निकालात बदल नाही. सख्ख्या बहिणीला सवलत दिली तर लोक काय म्हणतील?

११ जानेवारी, रविवार
पान पूर्ण झालं. नाव कुणाचंच नाही. शेवटचं वाक्य रात्रभर घासूनपुसून लिहिलंय: जो बोलावूनही पुढे बसत नाही, आरोपांपुढे मौन राखतो, आणि ज्याच्याशी आपलं रक्ताचं नातं नाही, अशाचा विचार व्हावा.
पाळकसाहेबांनी वाचलं, चष्मा काढला, म्हणाले, हे मी वाचून दाखवणार नाही आणि तुम्हीही दाखवू नका. संकोची माणूस. मी मंडळीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकलं. भराभर जोडलेले हात आले. कदमकाकांनी तर दोनदा हात जोडले.
सुमतीनेही वाचलं. निळ्या खुणा दिसल्या.

१५ जानेवारी, गुरुवार
मतदान. मशीनसमोर कपबशीवर बोट क्षणभर थांबलं, हे प्रामाणिकपणे लिहून ठेवतो. मग आठवलं, अब्राहामाने तर पोटचा मुलगा वेदीवर ठेवला होता. माझी नुसती बहीण. बटण दाबलं.
बाहेर पडून कोपऱ्यापर्यंत आलो तर तिथे सुमती टेबल टाकून बसलेली. म्हणाली, दादा, पाणी पी, ऊन लागलंय तुला. प्यायलो. तिने काही विचारलं नाही. विचारलं असतं तर खरंच सांगणार होतो.

१६ जानेवारी, शुक्रवार
सुमती पडली. फरक इतका थोडा की आमच्या गायनवृंदाने कपबशीवर बोट ठेवलं असतं तरी भागलं असतं. गायनवृंदातल्या मावशी फोनवर म्हणाल्या, तुमच्या पानाप्रमाणेच केलं हो आम्ही सगळ्यांनी.
म्हणजे पानाचा प्रभाव पडला. लेखक म्हणून समाधान आहे.
सरोजने स्वयंपाक केला नाही. पाव खाऊन झोपलो.

१० फेब्रुवारी, मंगळवार
तानाजीशेठच्या ऑफिसात अभिनंदनाला आणि पट्टीची आठवण द्यायला गेलो. त्यांचा पीए मितेश म्हणाला, काका, मागे बसा. मागच्या बाकावर बसलो. नम्रतेची संधी. दुपार तिथेच गेली.
मितेश बोलका आहे. म्हणाला, तुमचं चर्च लय लकी हां काका, त्या दिवशी शेठचा मोबाईल मरायला टेकलेला, तिकिटाचं फायनल चाललेलं, शेवटच्या बाकाला प्लग होता म्हणून वाचलो, शेठ दीड तास चॅटिंगच करत होते.
प्रभू प्लगचाही उपयोग करून घेतो.
शेठ बाहेर आले ते चालत चालत. मला बघून मितेशला विचारलं, हे कोण? तो म्हणाला, चर्चवाले. शेठ म्हणाले, हां हां, कळवतो. काय कळवणार ते विचारायचं राहिलं. लिफ्ट आली होती.

८ मार्च, रविवार
सुमतीने पेटी सोडली. हल्ली शेवटच्या बाकावर बसते, उपासना संपायच्या आत निघून जाते. नम्रतेत चांगली प्रगती. कुणी कौतुक करत नाही म्हणून इथे लिहून ठेवतोय.
माझा फोन ती उचलत नाही. सरोजचा उचलते.

१८ मार्च, बुधवार
पट्टीवर चुन्याची रेघ मारलीय. शनिवारी जेसीबी. ज्यांना आपली माणसं हलवायची आहेत त्यांनी त्याआधी हलवावीत, मागच्या कोपऱ्यात जागा देतील. सगळं पाळकसाहेबांनी सांगितलं. मी म्हटलं, शेठशी बोलतो. ते म्हणाले, नको प्रभाकरराव, तुम्ही आता कुणाशी काही बोलू नका.
दगड बसवला नाही ते एका परीने बरंच झालं. पुन्हा काढावा लागला असता.

२० मार्च, शुक्रवार
सकाळी दोन मजूर घेऊन कबरस्थानात गेलो. सरोज बरोबर. मजुरांनी विचारलं, काका, यातली कुठली? चार उंचवटे, चारही सारखे. मी ठामपणे बोट दाखवलं. प्रार्थना केली, जरा मोठ्यानेच. त्यांनी खणलं.
हाडांबरोबर पट्ट्याचं बक्कल निघालं.
आईने आयुष्यात पट्टा घातला नव्हता. माती परत लोटली. कुणाचे तरी वडील असतील, त्यांची क्षमा मागितली. मजूर म्हणाले, उद्या उजाडताच येतो काका, कबर कुठली तेवढं नक्की करून ठेवा, मग मशीन चालू होईल. सरोज एक टोमणाही मारेना. मला त्याची जास्त भीती वाटली.
दुपारपासून सुमतीला मेसेज लिहितोय. सुरुवातीला एक वचन घातलं होतं, काढलं. आपण दोघंही आपापल्या जागी बरोबर होतो, असं लिहिलं होतं, तेही काढलं. ती नाही म्हणेल. उत्तरच देणार नाही बहुतेक. मी तिच्या जागी असतो तर गेलो नसतो, आणि न जाण्याचं तत्त्वही शोधून ठेवलं असतं. तरी पाठवतोय. एवढंच राहिलंय:
सुमे, उद्या सकाळी कबरस्थानात ये. माझ्याशी बोलू नकोस. नुसती आईपाशी जाऊन उभी राहा.