बर्फ कशाला लागला होता

मंगळवार, १२ नोव्हेंबर २०२४

गोणपाटात बर्फाची लादी फोडल्याचा आवाज. आज दवाखान्यात बाकावर बसल्या बसल्या कानात आला. शेहेचाळीस वर्षांनी. कावून आला, ते कळलं नाही.

माझ्या हर्नियाची तारीख ठरायची आहे. भूल देणाऱ्या डॉक्टर रोहिणीबाई, वयानं माझ्या नातीएवढ्या. "अप्पा, घरात कुणाला भुलीचा त्रास झालाय का?" मी पटकन "नाही" म्हणालो. आमच्या घरात तो विषय निघत नाही, त्याचीच सवय.

मग मीच प्रश्न विचारत बसलो. पूर्वी ईथर, पुढं हॅलोथेन, आता सेव्होफ्लुरेन — नावं कशी, शाळेत शिकलेल्या वृत्तांसारखी! बाटलीत पाण्यासारखं औषध, यंत्रात त्याची वाफ. वाफ फुप्फुसात, तिथून रक्तात, मग मेंदूत. गंमत अशी, की जी वाफ रक्तात कमी विरघळते ती लवकर झोपवते आणि लवकर सोडते. हॅलोथेन रक्तात, चरबीत मुरायचं. माणूस सावकाश जागा व्हायचा. म्हटलं, पाठ केलेल्या कवितेसारखंच की, मुरलं की निघता निघत नाही. बाई हसल्या. "म्हाताऱ्यांना कमी पुरतं, अप्पा. तुमचं थोडक्यात भागेल."

"आन् झोप नेमकी येती कशी?"

"ते पुरतं अजून कुणालाच माहीत नाही."

हे उत्तर लई आवडलं.

बुधवार, १३ नोव्हेंबर

कालचा तो घरच्यांबद्दलचा प्रश्न कशासाठी, हे विचारायला परत गेलो.

बाई म्हणाल्या, काही घराण्यांत स्नायूंचा एक दोष असतो. एरवी कळतही नाही. पण ही वाफ अंगात गेली की जबडा आवळतो, अंग भट्टीसारखं तापतं. "पूर्वी इकडं त्यावर औषध नव्हतं. बर्फ लावायचे."

बर्फ.

मग सांगितलं. माझा थोरला भाऊ, पंचाक्षरीदादा. १९७८. पाय मोडला होता. ऑपरेशन चालू असताना आतून हाक आली — बर्फ आणा. मी सोड्याच्या दुकानातून लादी आणली, व्हरांड्यात फोडली. दादा गेला.

"कशानं गेले म्हणून सांगितलं?"

"उपाशी ठेवायचं होतं. वहिनीनं काहीतरी पाजलं म्हणून गेला, असं आई म्हणाली."

बाईंनी पेन खाली ठेवला. "पाजल्यानं अंग असं तापत नाही, अप्पा. हा त्या वाफेचाच प्रकार दिसतो. त्यांना मुलंबाळं?"

एक मुलगा. अमरनाथ. तेव्हा सहा महिन्यांचा.

"त्याच्यात हा दोष असायची निम्मी शक्यता. तुमच्यातही." मला आता वाफ देणार नाहीत, सगळं शिरेतून.

गुरुवार, १४ नोव्हेंबर

चहा मी पाजला होता. अर्धा कप. दादानं मागितला म्हणून. हे आज पहिल्यांदा लिहितोय.

आईनं गंगासागर वहिनीला तान्ह्या पोरासकट कडा गावी, माहेरी धाडलं. मी दारात उभा होतो. गप्प. काल कळलं की दादा चहानं गेला नाही, तेव्हा आधी मला हायसं वाटलं. वहिनी त्यानंतर आठवली.

शनिवार, १६ नोव्हेंबर

सून कावेरीनं नातेवाइकांत चौकशी केली. अमरनाथचं पित्ताशयाचं ऑपरेशन सोमवारी आहे, बीडला. परवा! फोन लावला.

"कोन?"

"मी. तुझा काका."

"मला काका न्हाई."

"ठेवू नको. भूल देणाऱ्या डॉक्टरला सांग, वडील—"

"माझा बाप कशानं मेला ते तुमीच गावभर सांगितलंय. आता आनी काय सांगतो बे?"

ठेवला. पुतण्या मला बे म्हणाला. कमीच म्हणाला.

रोहिणीबाईंकडून चिठ्ठी लिहून आणली. कावेरीनं त्या चिठ्ठीचा फोटो अमरनाथच्या मोबाईलवर धाडायला घेतला. मी म्हटलं, खाली एक ओळ लिही: 'चहा मी दिला होता, वहिनीनं नाही.' कावेरी म्हणाली, "अप्पा, खरंच लिहू?"

लिही.

धाडलं. दोन निळ्या खुणा आल्या.

रविवार, १७ नोव्हेंबर

सकाळी कडी वाजली. कावेरीनं दार उघडलं. मी उठून गेलो. दारात गंगासागर वहिनी. केस पार पांढरे. मागं अमरनाथ, हातात तपासण्यांची फाईल.

मी वाकायला गेलो. त्या मागं सरल्या.

"आधी पोराला त्या डॉक्टरीनबाईकडं न्या. तुमचं मागनं बघते."